तेवीस जणांना विचारलेलं नाव

धड नाव नसलेला धंदा केला की लोक माणसालाच टोपणनाव देतात. त्याचं तसंच झालं होतं. ऑफिसात सगळे त्याला चाळणी म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, आणि एकोणतीस वर्षांनंतर तो स्वतःही फोन उचलून "हां, चाळणी बोलतोय" असं म्हणायला लागला होता.

काम असं होतं. कुठल्याशा कंपनीला नवा साबण नाहीतर बिस्किट नाहीतर खोकल्याचं औषध बाजारात आणायचं असलं की ती आधी नाव शोधते. नाव छोटं हवं, जिभेवर बसणारं हवं, आणि हल्ली माल दहा देशांत जातो म्हणून कुठल्याही भाषेत त्याचा भलता अर्थ निघायला नको. ते नाव मग चाळणीकडे यायचं. त्याच्याकडे तेवीस भाषांची तेवीस माणसं होती, सगळी पोटापाण्यासाठी याच शहरात येऊन राहिलेली. स्पॅनिशसाठी एक दातांची डॉक्टरीण होती, तुर्कीसाठी एक न्हावी, रशियनसाठी गोदामातला मुकादम, फिलिपिनोसाठी जहाजावरून निवृत्त झालेला एक खानसामा. त्यांचे नंबर एका निळ्या वहीत होते. चाळणी एकेकाला फोन लावायचा, शब्द सांगायचा आणि विचारायचा, "पहिल्यांदा काय आठवलं?"

या कामाचे दोन नियम होते आणि दोन्ही त्यानंच घातलेले. पहिला, नुसता शब्द सांगायचा. तो कशाचं नाव आहे, कोणी ठेवलंय, यातलं अवाक्षर काढायचं नाही. कारण सांगितलं की माणूस विचार करायला लागतो आणि विचार करून दिलेलं उत्तर या धंद्यात कवडीचं नाही. दुकानातलं गिऱ्हाईक कुठे विचार करतं? दुसरा नियम, कंपनीला जायच्या पत्रकात फक्त खोट लिहायची. चांगले अर्थ वहीत राहू द्यायचे. चांगल्या अर्थानं कोणाचं नुकसान होत नाही, मग त्यासाठी शाई कशाला.

एकदा एका कंपनीला हातापायाला लावायच्या मलमाचं नाव 'ने' ठेवायचं होतं. एवढासा शब्द, त्यात कसली आलीय भानगड, असं सगळ्यांना वाटलं. चाळणीनं फोन केले. ग्रीक माणूस म्हणाला, हो. कोरियन बाई म्हणाली, हो. सर्बियन म्हणाला, नाही. जपानी पियानो मास्तरीण म्हणाली, "याला अर्थ नाही, वाक्याच्या शेवटी लावायचं, म्हणजे समोरचा आपल्याशी सहमत होतो." आणि आपल्या भाषेत तर मलमच ओरडून सांगतंय, मला घेऊन जा. पत्रकावर शेरा पडला, 'वापरू नये', आणि ते मलम शेवटी कुठल्यातरी फुलाच्या नावानं विकलं गेलं.

तेव्हा या गोष्टीचं त्याला हसू आलं होतं. आता येत नव्हतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि तो थकला होता. कामाचा थकवा झोपेनं जातो, हा जात नव्हता. एकच शब्द तेवीस वेळा उच्चारला की त्यातला जीव जातो. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं घरच्या घरी करून पाहावं. दिवसाला पाच-सहा शब्द, वर्षाला हजार-बाराशे. संध्याकाळी कोणी "पाणी देऊ का" म्हटलं तरी त्याच्या मनात आधी संशय यायचा की हा शब्द चालेल का. उजवा कान रिसीव्हरनं कायमचा लाल झाला होता. ऑफिसचे तीन जिने चढताना तो दर मजल्यावर थांबायचा आणि नोटीस बोर्ड वाचत असल्याचं सोंग करायचा.

घरी येऊन जोडे काढायचा, खुर्चीत बसायचा आणि गप्प व्हायचा. बायको म्हणायची, "दिवसभर जगाला नावं ठेवून आलात. आता दोन मलाही ठेवा, म्हणजे दिवस पुरा होईल." तीही आताशा हे सवयीनंच म्हणायची.

मुलीला घरात ठकी म्हणत. ती सात वर्षांची असताना तिनं मांजराचं पिल्लू आणलं होतं. रोज ती एक नाव शोधून आणायची आणि रोज चाळणी जेवता जेवता सांगायचा, अगं, हे अमक्या भाषेत खरूज, ते तमक्या भाषेत मठ्ठ. नवव्या नावानंतर पोरीनं नाद सोडला. मांजर अकरा वर्षं जगलं आणि मांजर म्हणूनच मेलं. घरातला हा जुना विनोद होता. पाहुण्यांना सांगताना ठकीच सगळ्यांत जास्त हसायची, म्हणून त्यात काही दुखण्यासारखं असेल असं त्याला कधी वाटलं नाही.

ती ठकी आता चौतीस वर्षांची होती, बसनं सहा तासांवरच्या शहरात राहत होती. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला मुलगी झाली. झाली तीही सहा आठवडे आधी, आणि काळजाला भोक घेऊन. बाळ हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होतं. पेटीवरच्या कार्डावर 'मुलगी' असं लिहिलेलं, त्याखाली वजन. वजनाचा आकडा रोज पुसून नवा लिहायचे, वरचा शब्द तसाच राहायचा. नाव ठेवायला कोणाला धीरच होत नव्हता. ठकी म्हणायची, घरी आली की ठेवू. बायको तीन आठवडे तिकडे राहून आली. चाळणी एकदाच जाऊन आला, काचेतून चार मिनिटं नात पाहिली आणि रजा नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परतला.

एका सोमवारी दुपारी फोनवर ठकीचा मेसेज आला. 'बाबा, वजन अडीच किलो झालं! पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. आम्ही नाव ठरवलं. तारा. तुमच्या चाळणीतून काढा एकदा.' आणि शेवटी एक हसरा चेहरा.

दुसरा कोणीही असता तर त्यानं लिहिलं असतं, छान आहे गं. ऑफिसच्या शिपायालाही एवढं सुचलं असतं. चाळणीनं मेसेज तीनदा वाचला आणि त्याच्या मनात आलं, बिस्किटासाठी आपण तेवीस जणांना विचारतो आणि नातीसाठी विचारू नये? डॉक्टरांच्या कामात त्याला काही करता येत नव्हतं, पैसा जावई बघत होता, धीर द्यायला बायको होती. त्याला जे येत होतं ते एवढंच होतं. त्यानं निळी वही उघडली.

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत तो फोन करत राहिला. नियमाप्रमाणे नुसता शब्द. न्हावी म्हणाला, "तारा? म्हणजे केस विंचर." न्हाव्याला दुसरं काय आठवणार. हौसा भाषेचा टॅक्सीवाला म्हणाला, नऊ. जपानी मास्तरीण म्हणाली, कॉड मासा. पोलिश बाई म्हणाली, धुणं घासायची खाचांची फळी. मुकादम म्हणाला, "रिकामी खोकी. माझ्यासमोर ढीग पडलाय, बघायला या." इटालियन चांभार म्हणाला, रिकाम्या डब्याचं वजन, मग जरा थांबून म्हणाला, आणि रक्तातून आलेली खोट. दातांची डॉक्टरीण दाढ काढता काढता म्हणाली, "दोष. जन्मतः आलेला, शरीरातला दोष."

बुधवारी चार वाजता त्यानं पत्रक टाईप केलं. स्पॅनिश: शारीरिक दोष, जन्मजात. लाल. इटालियन: तेच. लाल. रशियन: रिकामी खोकी. पिवळा. जपानी: मासा. पिवळा. पोलिश: धुण्याची फळी. पिवळा. लाल असलं की तळाला ठरलेला शेरा पडायचाच, 'वापरू नये', तो राहू दिला. आणि ठकीला पाठवून दिलं. वर एक ओळ नाही, खाली एक ओळ नाही. वेळेवर सापडलं म्हणून त्याला बरंसुद्धा वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

पाच मिनिटांनी उत्तर आलं. 'बरं.'

रविवारी सकाळी बायको ठकीशी फोनवर बोलत होती. फोन ठेवून ती बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"काय पाठवलंत तिला?"

त्यानं दाखवलं. बायकोनं चष्मा लावून पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं, मग खालचा 'बरं' वाचला.

"हे 'बरं' कुठलं, कळतंय का तुम्हाला?"

"तिनंच विचारलं होतं."

"तिनं विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं होतं." बायकोचा आवाज चढला नाही, उलट बसला. "अहो, दोन महिने ती पोरगी नाव घ्यायला घाबरत होती. नाव ठेवलं आणि बाळ गेलं तर, म्हणून. वजन वाढलं तेव्हा कुठे धीर करून तिनं नाव ठरवलं. त्यावर तुम्ही लिहून पाठवलंत, जन्मजात दोष. वापरू नये. कोणाला वापरू नये?"

चाळणीनं पत्रक पुन्हा वाचलं. तेच पत्रक, तेच शब्द, पण आता त्याला ते ठकीच्या डोळ्यांनी दिसलं.

"काय म्हणते ती?"

"म्हणते नाव नको आता. 'मुलगी' म्हणूनच जाऊ दे आत. बाहेर आली तर बघू."

त्यानं ठकीला फोन लावला. तिनं उचलला नाही. दिवसभरात चार वेळा लावला, तिनं उचलला नाही. जगात कोणालाही फोन लावून दोन मिनिटांत बोलतं करणारा माणूस, आणि पोटची पोर त्याचा फोन घेत नव्हती. सोमवारी त्यानं वरिष्ठ बाईंना सांगितलं की मी आठवडाभर नाही. त्या म्हणाल्या, चहाच्या कंपनीची एकतीस नावं पडून आहेत. तो म्हणाला, पडू द्या. एकोणतीस वर्षांत असं तो पहिल्यांदाच बोलला.

मंगळवारी दुपारी दोघं हॉस्पिटलात पोचली. चौथा मजला, लांब कॉरिडॉर, भिंतीला टेकून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग. जावई रक्ताच्या बाटल्यांची सोय करायला गेला होता. ठकी काचेजवळ उभी होती, पायात हॉस्पिटलच्या सपाता, केस कसेतरी बांधलेले. आईला तिनं मिठी मारली. वडिलांना म्हणाली, "आलात?"

"आलो."

बायको काचेपाशी गेली, मुद्दामच गेली. ही दोघं खुर्च्यांवर बसली, मध्ये एक खुर्ची सोडून. सगळ्यात आतल्या पेटीवरचं कार्ड इथूनही दिसत होतं. 'मुलगी. २५६० ग्रॅम.'

तेवढ्यात वॉर्डातली वयस्क सिस्टर हातात फॉर्म घेऊन आली. "ताई, नावाचा रकाना रिकामाच आहे अजून. आज-उद्यात भरा. गुरुवारी तीन बाळं आहेत आणि तिन्ही 'मुलगी'. आम्ही आत नावानं बोलतो बाळांशी, भूल देताना."

"बघते," ठकी म्हणाली. सिस्टर फॉर्म खुर्चीवर ठेवून गेली.

"चुकलंच माझं," चाळणी म्हणाला.

"चुकलं कुठे? तुम्ही खरं तेच लिहिलंत." ठकी समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती. "मी कार्ड बघते ना बाबा, तर मला आता तेच दिसतं. तारा लिहिलं तर कोणीतरी कुठेतरी वाचेल, दोष. आणि आहेच ना दोष. मग बरोबरच आहे की. मांजरालाही नाव मिळालं नाही, हिलाही नको."

हा टोमणा असता तर त्यानं सोसला असता. ती टोमणा मारत नव्हती. ती दमली होती, त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त दमली होती, आणि खरंच तसं मानायला लागली होती. चाळणीला रडू येईल असं वाटलं आणि तो उठून चार खुर्च्या पलीकडे जाऊन बसला. त्याला सुचेना काय करावं. काही सुचलं नाही की त्याचा हात सवयीनं वहीकडे जायचा, तसा तो गेला. त्यानं दातांच्या डॉक्टरिणीचा नंबर लावला.

"चाळणी बोलतोय. गेल्या आठवड्यात एक शब्द विचारला होता. तारा."

"हो, दोष. सांगितलं मी."

"ते..." पुढचं वाक्य नियमाबाहेरचं होतं आणि जिभेवर येत नव्हतं. "ते माझ्या नातीचं नाव आहे. तिच्या काळजाला भोक आहे. परवा ऑपरेशन आहे."

पलीकडून डॉक्टरीण तिच्या मोडक्यातोडक्या बोलीत कडाडली, "नाव? माणसाचं? आधी का नाही सांगितलं?"

"नियम आहे. नुसता शब्द विचारायचा."

"मग नुसतं उत्तर मिळणार. तुम्ही रोज साबण विचारता, पावडर विचारता. मला वाटलं कापड असेल, मशीन असेल. कापडात खोट निघते तिला आम्ही तारा म्हणतो. मुलगी म्हणालात की मला मुलगी ऐकू येते. माझ्या शाळेत होती एक तारा."

"तिला कोणी काही बोलायचं नाही? चिडवायचं नाही?"

"तिला? तिला सगळे घाबरायचे. माझा हात मोडला होता तिनं." डॉक्टरीण हसली, मग थांबली. "परवा किती वाजता?"

"सकाळी आठला."

"बरं. देव आहे," ती म्हणाली आणि तिनं लगेच फोन ठेवला नाही.

चाळणीनं फोन कानापासून काढला. एकोणतीस वर्षं त्यानं तेवीस जणांना शब्द विचारले होते आणि एकालाही कधी काही सांगितलं नव्हतं. त्याला इथेच थांबता आलं असतं, पण अर्धवट काम त्याला जमत नव्हतं. त्यानं इटालियन चांभाराला लावला. मग मुकादमाला. मग न्हाव्याला. प्रत्येकाला तीच तीन वाक्यं. माझ्या नातीचं नाव आहे. काळजाला भोक आहे. परवा ऑपरेशन आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलली की तिच्यातला जीव जातो, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. या वाक्यांतला गेला नाही. नवव्या फोनला ती म्हणताना त्याचा आवाज फुटला आणि पोलिश बाईला "हॅलो, हॅलो, आहात का" असं विचारावं लागलं.

चार खुर्च्यांवरून ठकी ऐकत होती. बापाला 'माझी नात' म्हणताना तिनं आजवर ऐकलं नव्हतं. घरी तो 'बाळ कसं आहे' विचारायचा आणि फोन आईकडे द्यायचा.

अकराव्या फोनला बॅटरी संपली. चाळणी काळ्या पडद्याकडे बघत बसला. ठकी उठली, त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली आणि आपला फोन पुढे केला.

"यावरून करा."

"तुला लागेल."

"करा हो. स्पीकरवर लावा."

मग दोघांनी मिळून ऐकलं. इंडोनेशियन शिंपीण म्हणाली, "तारा म्हणजे बरोबरीचा, तोडीचा. आमच्यात कोणाचं फार कौतुक करायचं तर म्हणतात, हिला तारा नाही. म्हणजे हिला तोड नाही." बंगाली म्हातारा म्हणाला, आमच्याकडे तुमच्यासारखंच, आकाशातली. माओरी भाषेचा रंगारी म्हणाला, समुद्रावरचा एक पांढरा पक्षी असतो, छोटा, पण वाऱ्याचंही ऐकत नाही. हे सगळं त्यांनी मागच्या आठवड्यातही सांगितलं होतं. वहीत होतं, त्याच्याच अक्षरात, आणि पत्रकात नव्हतं. ठकीनं वही ओढून घेतली आणि ते पान वाचलं.

"हे का नाही पाठवलंत?"

"यात खोट नव्हती," चाळणी म्हणाला. म्हणाला आणि मान खाली घातली, कारण याहून मूर्ख उत्तर त्यानं आयुष्यात दिलं नव्हतं.

शेवटी राहिला होता खानसामा. म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं, तीनदा सांगावं लागलं. सगळं समजल्यावर तो म्हणाला, "साहेब, मी त्या दिवशी सांगितलं होतं ना, तारा म्हणजे 'चला'. बायको दारात उभी राहून पोरांना म्हणायची, तारा. मग सगळे निघायचे. मी बोटीवर असायचो. मला ती नुसती फोनवर ऐकू यायची." त्याचा श्वास वाजत होता. "परवा मी फोन करीन. चालेल?"

"चालेल," ठकीच बोलली.

समोरून आई बघत होती, पण जागची हलली नाही. फोन बंद केल्यावर ठकीनं फॉर्म उचलला, वही परत त्याच्या मांडीवर ठेवून तिच्यावर ठेवला आणि पेन दिलं.

"लिहा."

"मी?"

"तुम्हीच. पण नुसतं नाव लिहा. शेरा नको."

त्यानं नावाच्या रकान्यात दोन अक्षरं लिहिली. अक्षर जरा वाकडं आलं, कारण फॉर्मखाली वही होती आणि वहीखाली गुडघा. ठकीनं ते वाचलं, फॉर्म घडी न करता दोन्ही हातांनी धरला आणि सिस्टरला शोधायला गेली. संध्याकाळपर्यंत पेटीवरचं कार्ड बदललं होतं.

गुरुवारी आठ वाजता बाळाला आत नेलं. साडेनऊला चाळणीचा फोन वाजला, डॉक्टरीण होती. "कशी आहे तारा?" अजून आतच आहे, असं सांगितलं. दहा वाजता न्हावी. सव्वादहाला मुकादम, मागे खोकी आपटल्याचे आवाज. अकरापर्यंत चौदा जणांनी केले, कोणी त्याच्या फोनवर, कोणी ठकीच्या. कोणाचा 'र' जाड, कोणाचा 'त' जिभेला चिकटलेला, कोणी शेवटचा स्वर ओढायचा, कोणी गिळायचा. प्रत्येक जण तेवढा एक शब्द विचारायचा, आणि कोणालाही अर्थ विचारायची गरज पडत नव्हती. खानसाम्यानं तीनदा केला. मागच्या वेळी काय सांगितलं ते आपल्याला ऐकू आलं नाही, असं तो दर वेळी म्हणायचा.

बारानंतर दोघांनी फोन उचलणं बंद केलं. साडेबारा झाले, एक झाला. जावई उभाच होता. बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. चाळणी दाराकडे बघत होता. वापरू नये, वापरू नये, असं त्याच्या डोक्यात नुसतं वाजत होतं, आणि आयुष्यात इतकी भीती त्याला कधी वाटली नव्हती.

दीडला दार उघडलं आणि वयस्क सिस्टरनं विचारलं, "ताराचं कोण आहे?"

चौघंही पुढे झाली. दर मजल्यावर थांबणारा चाळणी सगळ्यांत आधी पोचला.

"भोक बंद केलंय. श्वास आपला आपण घेतेय. डॉक्टर येतील सांगायला, पण बरी आहे. दोन दिवस सांभाळायचं." सिस्टर एवढं बोलून आत गेली. जावई मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला, बायकोनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. ठकी रडली नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली, बराच वेळ.

चाळणीनं चष्मा पुसला. घातला, परत काढून पुसला. मग खुर्चीत बसून त्यानं निळी वही उघडली, कारण तेवीस माणसं कान लावून बसली होती आणि त्यांना कळवणं भाग होतं. तेवीस हा आकडा त्याला त्या क्षणी डोंगराएवढा वाटला.

ठकी शेजारी येऊन बसली आणि तिनं वही मधोमध धरली.

"बारा तुम्ही करा, अकरा मी करते."

"जमेल तुला? मोडकंतोडकं बोलतात सगळे."

"काय सांगायचं?"

"नाव सांग. बरी आहे म्हण. बास."

तिनं पानावरून बोट फिरवलं आणि न्हाव्याचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"हॅलो," ठकी म्हणाली, "मी ताराची आई बोलतेय."